विणलेला सुती रुमाल राठ का होतो, आणि मऊ कसा विणायचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी बाळंतपणाला नागपूरला माहेरी आली आहे, बाळ डिसेंबरअखेर येईल. त्याचं अंग पुसायला आणि घरात रोज तोंड पुसायला मऊ रुमाल तुम्हाला स्वतःच्या हाताने विणायचे आहेत. पहिला रुमाल स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा केला, तो हाताला मऊ लागतो पण पाणीच पीत नाही. दुसरा सुती धाग्याचा केला, तो धुतल्यावर फळकुटासारखा झाला आणि कडा गुंडाळून वर आल्या. धागा कोणता घ्यावा, सुया किती नंबरच्या, टाके किती, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. ८ प्लायचा (म्हणजे मध्यम जाडीचा) साधा, न चकाकणारा सुती धागा ५० ग्रॅम, ७ नंबरच्या सुया, ३८ टाके, सगळ्या ओळी सुलट. एका गुंडीत एक रुमाल होतो आणि थोडा धागा उरतो. पण एवढं सांगून थांबले तर तुमचा तिसरा रुमालही राठ होईल अशी मला भीती वाटते. धरमपेठेतल्या घरी गेली सव्वीस वर्षं मी विणकाम शिकवते आहे. सुती रुमाल कडक झाला म्हणून ज्या येतात त्यांचा धागा बहुतेक वेळा चांगलाच असतो, वीण आवळलेली असते.

आपण सगळ्या विणायला शिकलो त्या लोकरीवर. लोकर ओढली की ताणते, सोडली की जागेवर येते. म्हणून प्रत्येक टाका झाला की धाग्याला एक बारीक हिसका द्यायची सवय बोटांना लागते. स्वेटरला त्याने काही बिघडत नाही, उलट वीण एकसारखी दिसते. सुताला ती लवचिकता नाही. सुतावर दिलेला हिसका तसाच्या तसा टाक्यात राहतो. त्यातून सुताचा तंतू पाण्यात फुगतो. वीण सैल असेल तर फुगलेल्या धाग्याला जागा मिळते, तो पाणी धरून ठेवतो आणि रुमाल हातात लोळतो. वीण घट्ट असेल तर टाके एकमेकांवर दाटतात आणि तसेच दाटीत वाळतात. दुकानात मऊ लागणारा धागा पहिल्या धुण्यानंतर पुठ्ठ्यासारखा का होतो, ते यात आलं.

तुमची वीण सैल आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. आठ-दहा ओळी झाल्या की सुईवरचे टाके अंगठ्याने टोकाकडे ढकला. ते सरसर सरकले पाहिजेत. ढकलताना सुई कुरकुरली, टाके गटागटाने अडले, तर वीण घट्ट आहे. तेवढं उसवून पुन्हा घाला, कारण पुढे जाऊन ते सैल होत नाही. हात मुळातच आवळता असेल तर हाताला दोष देत बसू नका, सरळ ६ नंबरची, म्हणजे थोडी जाड, सुई घ्या. आणि धागा करंगळीला दोन वेढे देऊन धरत असाल तर सुतासाठी एकच वेढा द्या. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आता धागा. पहिल्या रुमालाचं कारण धाग्यातच होतं. बाजारात आपण सरसकट जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. तो तंतू पाणी आत घेतच नाही. पाणी टाक्यांच्या फटीत नुसतं बसतं, आणि बाळाच्या अंगावरून रुमाल फिरवला की ते इकडचं तिकडे होतं. बर्डीवर किंवा इतवारीच्या बाजारात धागा घेताना लेबलवर शंभर टक्के कॉटन लिहिलं आहे का ते बघा. मिल्क कॉटन या नावाने जो फार गुळगुळीत, गोड रंगांचा धागा मिळतो, त्यात पुष्कळदा अॅक्रिलिक मिसळलेलं असतं. खेळण्यांना तो छान, अंग पुसायला नाही. लेबल नसलेली गुंडी घरात पडली असेल तर त्यातला वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवा. सूत जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि मागे करडी राख उरते, ती बोटाने चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि थंड झालं की त्याचा कडक काळा मणी होतो.

चकाकणारा क्रोशाचा धागा सुतीच असतो, तरी तो या कामाला घेऊ नका. ती चकाकी कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने येते. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने ही प्रक्रिया १८४४ मध्ये शोधली, म्हणून त्या धाग्याला मर्सराइज्ड म्हणतात. धागा मजबूत होतो, रंग चांगला धरतो, पण क्रोशासाठी तो करकचून पिळलेला असतो, त्यामुळे पाणी सावकाश ओढतो आणि अंगाला टोचरा लागतो. टेबलक्लॉथला तो उत्तम.

पीळ बघायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते एम्प्रेस मिलमध्ये सूतकताई खात्यात होते. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली टाटांची ती मिल आमच्या लहानपणी नागपूरच्या कितीतरी घरांची चूल पेटवत होती. आई बाजारातून धागा आणायची, तेव्हा बाबा त्याचं टोक दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरायचे आणि पीळ हळूहळू उलटा फिरवायचे. धागा उकलायचा, पदर वेगळे व्हायचे, मग एक पदर घेऊन तो उकलायचे आणि शेवटी तंतू उरायचे. 'बघ,' म्हणायचे, 'कापसाचा तंतू बोटाच्या पेराहून थोडाच लांब. त्याला धरून ठेवतो तो पीळ. पीळ कमी पडला तर तंतू सुटतात, जास्त झाला तर धागा काठी होतो.' मी आजही दुकानात तेच करते. वळण दोन-चारदा उलटं फिरवल्यावर पदर सुटे दिसले, प्रत्येक पदर गुबगुबीत असला, आणि पदर हलक्या हाताने ओढून लगेच तुटला नाही, तर तो धागा रुमालाला चांगला. एकाच पदराचा, लुसलुशीत, पीळच नसलेला धागा दुकानात सगळ्यात मऊ लागतो. तो घेऊ नका. चार धुण्यांत त्याची लव निघते, आणि ती लव बाळाच्या ओल्या अंगाला चिकटते.

८ प्लाय मिळालाच नाही, तर ४ प्लायच्या दोन गुंड्या घेऊन दोन पदर एकत्र धरून विणा. प्लाय हे आता जाडीचं नाव झालं आहे, आत पदर तेवढेच असतील असं नाही.

सुयांच्या नंबरात नव्या मुली फसतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ७ म्हणजे साडेचार, ६ म्हणजे ५. बाबांच्या सुताचंही असंच होतं, २० नंबरपेक्षा ४० नंबरचं सूत बारीक. हल्ली पुष्कळ सुयांवर दोन्ही आकडे असतात, त्यातले मिलिमीटर बघा म्हणजे घोळ होणार नाही. सुया बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात हाताला घाम सुटतो, आणि लेप उडालेल्या अॅल्युमिनियमच्या जुन्या सुया पांढऱ्या सुताला करडा डाग लावतात. मे महिन्यात तर मी कूलरसमोर बसल्याशिवाय पांढरं काम हातात घेतच नाही.

रुमालाआधी तुकडा विणा. आळस करू नका, अर्धा तासाचंच काम आहे. १२ टाके, २४ ओळी, सगळ्या सुलट. साधारण साडेसहा सेंटिमीटरचा चौकोन होईल. तो गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि गालाला लावून बघा. रुमाल गालाला कसा लागतो हे बोटांना कळत नाही, कारण विणणाऱ्यांची बोटं निबर झालेली असतात. तुकडा चौकोनी राहिला आणि गालाला बरा लागला की पुढे जा.

टाके अंगठ्यावरून घाला, पण दोन्ही सुया जोडून धरा आणि दोन्हींवर घाला. सगळे टाके झाले की एक सुई काढून घ्या. पहिली कड सैल राहते. टाके घालण्याआधीच शेपटासाठी, म्हणजे धाग्याच्या सुट्या टोकासाठी, रुमालाच्या रुंदीच्या चौपट धागा सोडा. मग प्रत्येक ओळीत पहिला टाका विणायचा नाही. धागा पुढे घ्या, तो टाका उलट टाक्यासारखा उजव्या सुईवर नुसता सरकवा, धागा मागे न्या आणि उरलेले ३७ सुलट विणा. याने कडेला साखळी पडते. ती दिसायला सुबक असतेच, शिवाय मोजायला सोपी जाते. दोन ओळींना साखळीचा एक दुवा. सगळ्या ओळी सुलट असल्या की एका टाक्याची रुंदी आणि दोन ओळींची उंची सारखी भरते, म्हणून ३८ टाक्यांच्या चौकोनाला ७६ ओळी लागतात आणि कडेला ३८ दुवे दिसतात. फूटपट्टी काढायची गरज नाही. बाजूने दुवे मोजले की काम झालं. रुमाल २१ सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि धुतल्यावर थोडा आटतो.

तुमच्या कडा गुंडाळल्या त्या एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीमुळे. त्या विणीत सगळे सुलट टाके एका अंगाला येतात आणि उलट दुसऱ्या अंगाला. दोन्ही अंगांची ओढ वेगळी, म्हणून कापड वळतं. इस्त्री केली तरी पुढच्या धुण्यात पुन्हा वळणार. पिळाचा धागा त्या विणीत तिरकाही होतो, चौकोनाचा पतंग होतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही अंगं सारखी, ओढ सारखी, कापड सपाट. शिवाय त्यात उंचवटे आणि खळगे आळीपाळीने येतात, पाणी त्या खळग्यांत बसतं.

थोडी दाणेदार वीण हवी असेल तर साबुदाण्याची वीण घाला. ३७ टाके घ्या, विषम संख्या मुद्दाम. प्रत्येक ओळ सुलट-उलट-सुलट-उलट करत न्यायची आणि शेवटचा टाका सुलट येतो. पुढची ओळही सुलटनेच सुरू करायची, दाणे आपोआप पडतात. मोठ्यांना अंग घासायला ती छान. बाळाला साधी सुलटच बरी.

विणताना सगळ्यात जास्त जी चूक होते तिचं सांगते. मागच्या वर्षी एक मुलगी रुमाल घेऊन आली, खाली वीतभर आणि वर दीड वीत. 'काकू, मी तर एकही टाका वाढवला नाही, हे असं काहून होऊन राहिलं?' मी म्हटलं, माझ्यासमोर दोन ओळी विण. पहिली ओळ संपली, तिने काम फिरवलं, आणि धागा खाली लोंबू देण्याऐवजी सुईवरून मागे ओढून घेतला. त्याने कडेचा टाका ताणला गेला आणि त्याच्या दोन्ही तंगड्या सुईवर चढल्या. एका टाक्याचे दोन दिसायला लागले. तिने भाबडेपणाने दोन्ही विणले. दर ओळीला एक टाका वाढत होता. म्हणून काम फिरवलं की धागा सुईच्या खालून येतोय ना, एवढं डोळ्यांनी बघायचं, मगच सुई घालायची. मधेच भोक पडून टाका वाढला असेल, तर विणताना धागा चुकून पुढे राहिला असणार. दर दहा ओळींनी टाके मोजा. ३९ भरले तर दोन टाके एकत्र विणून गप्प बसू नका, कुठे वाढला ते शोधून तिथपर्यंत उसवा. रुमाल छोटा आहे, उसवायला काही जात नाही.

टाके बंद करताना उजव्या हातात ६ नंबरची सुई घ्या. बंद केलेली कड आवळली की सगळा रुमाल तिच्याकडे ओढला जातो. धाग्याची टोकं गाठ मारून कापू नका. बाळाच्या कातडीला ती गाठ खड्यासारखी लागते. जाड बोथट सुईत टोक ओवून ते उंचवट्यांच्या आतून पाच-सहा सेंटिमीटर न्या, मग उलट दिशेने थोडं परत आणा. सूत लोकरीसारखं एकमेकांना धरत नाही, घसरतं, म्हणून परतीचा टाका लागतोच. मग टोक अगदी कापडालगत कापा.

कोपऱ्यातून तिरका विणलेला, कडेला जाळी असलेला रुमाल तुम्ही पाहिला असेल, तो करावासा वाटेल. सोपा आहे. ४ टाके घालून सुरुवात, दर ओळीला २ सुलट, मग सुईवर धाग्याचा एक वेढा, पुढचे सगळे सुलट. असं ५० टाके होईपर्यंत. मग दर ओळीला १ सुलट, दोनाचा एक (म्हणजे दोन टाके एकत्र विणायचे), धाग्याचा वेढा, पुन्हा दोनाचा एक, बाकीचे सुलट. ४ टाके उरले की बंद. त्याचं मला फार आवडतं ते हे की धागा कितीही जाड-बारीक असो, हवा तेवढा वाढवून परत फिरता येतं. पण हा रुमाल तुमच्यासाठी, मुलीसाठी, ओट्यासाठी करा. तान्ह्या बाळाला जाळीचं काही देऊ नका. त्याची बोटं काडीएवढी असतात, भोकात किंवा सुटलेल्या धाग्यात अडकली तर रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते लवकर कळत नाही. म्हणूनच बाळाचा प्रत्येक रुमाल दर धुण्यानंतर उजेडात धरून सुटा धागा बघायचा.

आता धुणं, कारण रुमाल खरा तयार होतो तो तिथे. घरात दोन प्रकारचा कापूस असतो. वाती वळायला आणलेला आणि औषधाच्या दुकानातला. दोन्हींचा एकेक बोळा पाण्याच्या वाटीत टाकून बघा. औषधाचा कापूस लगेच भिजतो आणि बुडतो. वातीचा बोळा तरंगत राहतो. दोन्ही कापूसच, पण झाडावरच्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, औषधाच्या कापसाचा तो काढून टाकलेला असतो. धाग्यावरही, विशेषतः न रंगवलेल्या, थोडं मेण उरलेलं असतं, आणि गुंडाळताना धागा सरकावा म्हणून कधी वरूनही लावतात. म्हणून नवा सुती रुमाल पहिल्या दिवशी पाणी पीत नाही. पांढऱ्या रुमालाला अर्धी बादली कढत पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत, मग तीन पाण्यांतून स्वच्छ खळबळून काढा. रंगीत असेल तर कोमट पाणी घ्या आणि आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. दोन-तीन धुण्यांनंतर रुमाल वाटीतल्या औषधाच्या कापसासारखा वागायला लागतो.

तेलमालिशीचंही तेच गणित आहे. बाळाला चोळल्यावर ज्या रुमालाने तेल टिपता तो थंड पाण्यात नुसता खंगाळला तर तेल आत राहतं, रुमाल पाणी प्यायचा थांबतो आणि दोन दिवसांत खवट वास येतो. तो त्याच दिवशी गरम पाण्यात साबण लावून धुवा.

घरात बोअरचं पाणी असेल तर आणखी एक अडचण येते. त्या जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून पांढरट साका होतो आणि विणीत बसतो. चांगला मऊ रुमाल महिनाभरात राठ झाला तर विणणारीला बोल लावण्याआधी पाणी तपासा. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करा. ते जमत नसेल तर बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकून त्यात खळबळा आणि मग एकदा साध्या पाण्यातून काढा. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण मात्र या रुमालांना लावू नका. भाचीच्या बाळासाठी मी सहा रुमाल विणून दिले होते. तिने प्रेमाने ते त्या द्रावणात बुडवून ठेवले. हाताला रेशमासारखे लागायचे, पण पाण्याचा थेंब वर नुसता घरंगळायचा. ते द्रावण तंतूवर थर चढवतं, म्हणजे सोड्याने काढलेलं मेणच परत लावल्यासारखं. दोनदा सोड्यात भिजवून धुतले तेव्हा ते ताळ्यावर आले.

वाळवायचं सावलीत, आडवं पसरून. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर घातलेला रुमाल अर्ध्या तासात कडकडीत वाळतो आणि पापडासारखा उभा राहतो. ते बिघडणं नव्हे. झटका, दोन्ही तळव्यांत घेऊन कपडा धुताना चोळतो तसा कोरडाच चोळा, मऊ होतो. पावसाळ्यात उलट पंख्याखाली घाला, ओला घडी करून ठेवला की वास धरतो.

डिसेंबरला अजून वेळ आहे. आठ रुमाल करा. रोज दोन लागतील, दोन धुण्यात, दोन वाळत आणि दोन घडीत. बाळाच्या रुमालांच्या एका कोपऱ्यात लाल सुताचे चार टाके घाला आणि तेलाच्या रुमालांना हिरव्या सुताचे, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत रात्री कोणी घाईत हात घातला तरी चुकीचा रुमाल उचलला जाणार नाही. ते लाल-हिरवं सूतही आधी धुऊन घ्या, रंग सुटत नाही ना बघा, मगच पांढऱ्यावर घाला.